स्वमग्नांच्या वतीने बोलणार कोण?

जबलपूर : १९९५च्या अपंग कायद्यातील ७ प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला स्थान दिले. मात्र सोबत पालकत्वाची चौकटही आखली. सज्ञान स्वमग्न व्यक्तीचा कायदेशीर पालक जिल्हा पातळीवरील स्थानिक समिती नेमते. तीत अपंग सदस्य अनिवार्य, पण व्याख्या १९९५चीच! परिणामी, ज्याच्या भवितव्याचा निर्णय, त्यालाच समितीत आसन नाही, असा विरोधाभास निर्माण झाला. २०१६च्या कायद्याने २१ प्रकार मानले, संयुक्त निर्णयावर आधारलेले मर्यादित पालकत्वही आणले. तरीही १९९९ची व्यवस्था रद्द झाली नाही. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ असलेल्या जबलपुरातही पालकत्वाची वाट समितीतूनच जाते. प्रश्न केवळ सवलतींचा नसून प्रतिनिधित्वाचा आहे. संसदेने तो अर्धाच सोडविला आहे.