पाचगणीच्या शाळेतला मुलगा



आपल्या मनवेलपाड्यात लग्नाची हळद असली म्हणजे बेंजो वाजतो. ताशा कडाडतो. म्हातारी माणसेसुद्धा जागच्या जागी पाय हलवतात. एकदा अशाच हळदीला एक आजोबा मला म्हणाले, "गुरुजी, पोरं मोबाईलवर ती विलायती गाणी ऐकतात. ढोल बडवायचा आणि ओरडायचं. त्यात काय असतं हो?"

मी म्हणालो, "आजोबा, त्या गाण्यांचा एक मोठा गवई आपल्या सातारा जिल्ह्यात शिकला आहे." आजोबांना खरे वाटेना. म्हणून ती हकिगत इथे सांगतो.

या गाण्यांना रॉक म्हणतात. ती अमेरिकेत १९५० नंतर पुढे आली. तिथल्या काळ्या लोकांच्या वाडवडिलांना आफ्रिकेतून गुलाम करून नेले होते. शेतात राबताना ते गाणी म्हणत. त्या गाण्यांच्या वळणात गोऱ्या खेडुतांच्या गाण्यांची भर पडली. मग विजेची गिटार आली. या गिटारच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक असतो. त्याभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. वरची तार थरथरली की त्या गुंडाळीत विजेचा बारीक प्रवाह येतो. यंत्र तो वाढवते आणि कर्ण्यातून मोठा आवाज निघतो. बेंजोचा आवाजही विजेनेच वाढवतात. म्हणजे बघा, रॉक हे नुसते ओरडणे नव्हे. कष्टकऱ्यांच्या गाण्याला विजेची जोड मिळाली, त्यातून ते झाले.

आता त्या गवयाची गोष्ट. विरारहून उत्तरेकडे गाडी निघाली की डहाणू, संजाण, उदवाडा मागे टाकून ती वलसाडला पोचते. वलसाडचे जुने नाव बुलसार. त्यावरून काही पारशी घराण्यांचे आडनाव पडले बुलसारा. अशाच एका घरात, आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर, ५ सप्टेंबर १९४६ रोजी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव फारोख. वडील तिथे इंग्रज सरकारच्या कचेरीत रोखपाल होते. मुलगा शिकावा म्हणून त्यांनी त्याला आठव्या वर्षी समुद्रापार पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवले.

आठ वर्षांचे पोर, आईबाप समुद्रापलीकडे! त्यात दात पुढे आलेले, म्हणून मुले चिडवत. पण शाळेत पियानो होता. पियानो म्हणजे मेजाएवढे मोठे वाद्य. त्याची पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते. फारोख रेडिओवर गाणे ऐके आणि लगेच ते पियानोवर वाजवून दाखवी. पुढे पाच मुलांनी मिळून हेक्टिक्स नावाचे वाद्यपथक काढले. त्यात गाणारा मुलगा दुसराच होता. आपला फारोख मागे पियानोवर असे.

शिक्षण अर्धे टाकून तो झांझिबारला परतला. १९६४ च्या जानेवारीत तिथे मोठा उठाव झाला. त्याच्या घरच्यांना देश सोडून इंग्लंड गाठावे लागले. तिथे त्याने विमानतळावर सामान उचलले. बाजारात कपडे विकले. चित्रकलाही शिकला. १९७० साली दोन सोबत्यांबरोबर त्याने नवे पथक उभे केले. त्याचे नाव ठेवले क्वीन, म्हणजे राणी. स्वतःचे नाव घेतले फ्रेडी मर्क्युरी.

१९७५ साली त्याने एक गाणे रचले. त्या काळी तबकडीवरचे गाणे तीन-चार मिनिटांचे असे. हे जवळजवळ सहा मिनिटांचे. जाणती माणसे म्हणाली, "एवढं लांब गाणं रेडिओवाले लावणार नाहीत." फ्रेडीने एक ओळही कापली नाही. ते गाणे इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

गाण्याने दुसऱ्याचे दुःख हलके होते का? होते. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित हाल सोसत होते. तेव्हा आपले सतारवादक पंडित रविशंकर यांनी जॉर्ज हॅरिसन या रॉक गवयाला साद घातली. दोघांनी न्यूयॉर्कमध्ये जलसा करून निर्वासितांसाठी पैसा उभा केला. पुढे आफ्रिकेत इथिओपियाला भयंकर दुष्काळ पडला. त्यासाठी १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी जलसे झाले. शंभराहून अधिक देशांतल्या लोकांनी ते दूरदर्शन संचावर पाहिले.

लंडनच्या मैदानात सुमारे ७२ हजार माणसे होती. क्वीनला मिळाली होती वीस-एक मिनिटे. फ्रेडीने नुसता सूर लावायचा आणि सगळ्या मैदानाने तो परत म्हणायचा. आपल्याकडे भजनात बुवा चरण सांगतो आणि मागची मंडळी तो उचलतात, तसेच हे. पाचगणीला मागे बसणारा मुलगा ७२ हजारांना गायला लावत होता. रॉकच्या इतिहासातली ही मोठी घटका मानतात.

पण हकिगत इथे संपत नाही. १९८७ साली फ्रेडीला एड्सचा रोग असल्याचे कळले. त्याने ते जगापासून लपवले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदन काढून रोग जाहीर केला. जवळच्या माणसांना त्रास होऊ नये म्हणून आजवर गप्प राहिलो, आता सर्वांनी मिळून या रोगाशी लढावे, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्याच दिवशी तो वारला. वय अवघे ४५. त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

त्या वेळी या रोगावर नीट इलाज नव्हता. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची रीत आली आणि माणसे जगू लागली. २००४ पासून आपले सरकार ही औषधे फुकट देते. रोगाचा जंतू शरीरातून पुरता जात नाही. पण रोज गोळी घेतली तर तो दबून राहतो. माणूस कामधंदा करतो, संसार करतो.

हा जंतू निरोध न वापरता केलेल्या शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, एकमेकांच्या वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने होत नाही. म्हणून अशा माणसाला वाळीत टाकू नका. शंका असेल तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. तपासणी फुकट असते आणि नाव गुप्त ठेवतात. १०९७ या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. फोनचे पैसे पडत नाहीत.

आजोबांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "गुरुजी, त्या पोराला औषध मिळालं असतं तर?"

त्याला मिळाले नाही. आज आपल्याला मिळते. ते वेळेवर घेणे आपल्या हाती आहे.