अन्ननलिकेतला दिवा

"डॉक्टर, लेसरने म्हणे कर्करोग जळून जातो. खरं का हो?" असे मला बरेचदा विचारतात. फोटोडायनॅमिक थेरपीपुरते सांगायचे, तर यात गाठ जाळत नाहीत. आधी शिरेतून एक औषध देतात. दोनेक दिवसांत ते बऱ्याचशा निरोगी भागांतून ओसरते, गाठीत मात्र टिकून राहते. मग गाठीवर लाल प्रकाश पाडला, की ते पेशींतील प्राणवायूला विषारी रूप देते आणि पेशी मरतात. जिथे प्रकाश पोचत नाही, तिथे काम होत नाही.

अमेरिकेत बफेलो येथील रॉसवेल पार्क कर्करोग संस्थेत डॉ. थॉमस डॉगर्टी यांनी १९७० च्या दशकात या उपचाराचा पाया घातला. अन्ननलिकेचा मार्ग बुजवणाऱ्या कर्करोगासाठी १९९५ साली त्याला तेथे सरकारी मान्यता मिळाली. कातडीवर दिवा सहज धरता येतो. अंधाऱ्या अन्ननलिकेत तो न्यायचा कसा?

दुर्बिणीतून एक बारीक, लवचिक काचतंतू आत सरकवतात. त्याच्या उघड्या टोकातून प्रकाश बॅटरीच्या झोतासारखा समोर पडतो. आपल्याला तर तो चहूबाजूंच्या भिंतींवर हवा. म्हणून टोकाचा १ ते ५ सेंटिमीटर भाग ट्यूबलाइटसारखा बनवतात. त्यात प्रकाश विखुरणारे बारीक कण असतात. पुढे जाताना प्रकाश कमी होत जातो, म्हणून टोकाकडे हे कण अधिक दाट ठेवतात. मूत्राशय पिशवीसारखे असते. तिथे मधोमध धरायला बल्बसारखे गोल टोक लागते.

लाल प्रकाश मांसात साधारण अर्धा सेंटिमीटरच नीट शिरतो. तंतू एका भिंतीला टेकला, तर ती बाजू जास्त भाजून निघते आणि समोरची उपाशी राहते. अस्तराच्या घड्यांतही रोग लपून राहतो. म्हणून रोग अस्तरावर पसरलेला असल्यास पारदर्शक फुगा वापरतात. तो घड्या सपाट करतो आणि तंतू मधोमध धरतो. पण फुगा जास्त फुगवला, तर रक्तपुरवठा दबतो, प्राणवायू कमी पडतो आणि उपचारच लंगडा होतो! सारी कसोटी आहे ती इथे. प्रकाश देण्याचे काम मात्र साडेबारा मिनिटांत आटोपते.

नंतर निदान ३० दिवस ऊन टाळावे लागते. उन्हापासून बचावाचे मलम इथे उपयोगी पडत नाही. तरीही काळोखात कोंडून घेऊ नये. घरातल्या साध्या उजेडाने कातडीतील औषध हळूहळू निकामी होते.

मार्ग बुजला असता या उपचाराने रोग समूळ जात नाही, पण रुग्णाला पुन्हा घास गिळता येतो. ज्याला पाण्याचा घोटही उतरत नव्हता, त्याच्या दृष्टीने हे थोडे नव्हे. तेव्हा वाचकहो, घास अडकू लागला तर पाण्याबरोबर ढकलत दिवस काढू नका. वेळीच दुर्बिणीने तपासून घ्या.