मुलगी बारमध्ये कामाला जाते म्हणते, तेव्हा

हातातलं काम चालू ठेवा, पण कान जरा इकडे द्या. आजचा विषय थोडा अवघड आहे. काही जणींना तो आवडणार नाही, तरीही तो तुमच्यापुढे ठेवते. तो प्रश्न आपल्याच गटातल्या एका ताईने विचारला आहे, आणि उद्या तो तुमच्याही उंबऱ्यात येऊ शकतो.

मागच्या महिन्यात भिवंडी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. हप्ते झाले, वही मिटली, चहा आला. तेव्हा ती ताई हळूच म्हणाली, "माझ्या पोरीला ठाण्याच्या हॉटेलात नोकरी मिळतेय. बारटेंडरची. मी काय करू?"

क्षणभर कोणीच बोललं नाही. त्याला कारणही होतं. याच बायांनी गावातली दारू बंद व्हावी म्हणून सह्या गोळा केल्या होत्या. आपल्या राज्यात गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की दारूच्या दुकानाबाबत मतदान घेता येतं. तेच ते उभी बाटली, आडवी बाटली. आडव्या बाटलीसाठी उन्हातान्हात फिरलेल्या या बाया. त्यांच्यातल्याच एकीची लेक उभ्या बाटलीमागे उभी राहणार?

एक काकू म्हणाल्या, "त्यापेक्षा मानकोलीच्या गोदामात पॅकिंगला जाऊ दे." दुसरी म्हणाली, "गोदामात कंत्राटदार कोण, पगार किती, हे तरी कुठे धड कळतं?" दोघींचंही खरं होतं. म्हणून ठरवलं, आधी हे काम नेमकं काय आहे ते समजून घ्यायचं. हो की नाही ते नंतर बघू.

बारबाला वेगळी, बारटेंडर वेगळी

आपल्या भागात 'बार' म्हटलं की डोळ्यांपुढे हायवेवरचे लाल-निळे दिवे येतात. २००५ साली राज्य सरकारने डान्सबारवर बंदी आणली. ते प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१६ साली नवा कायदा आला आणि २०१९ पर्यंत त्यावर निकाल येत राहिले. इतकी वर्षं बातम्यांत तेच ऐकल्यामुळे बारमधली बाई म्हणजे नाचणारी बाई, असं आपल्या मनात बसून गेलं. नाचून पोट भरणाऱ्या बाईलाही नावं ठेवायचं कारण नाही, पण ते काम वेगळं आणि हे वेगळं.

बारटेंडर काउंटरच्या आत उभी असते. मागणीप्रमाणे पेय मोजायचं, मिसळायचं, द्यायचं आणि हिशोब ठेवायचा, हे तिचं काम. गिऱ्हाइकाच्या टेबलावर जाऊन बसणं, त्याच्यासोबत पिणं, त्याला 'कंपनी देणं' हे तिचं काम नाही. नोकरी देणारा असं काही सांगत असेल, तर ती बारटेंडरची नोकरीच नाही. तिथून उठून यायचं. मैत्रिणींनो, आज दुसरं काही विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

दिवस कसा जातो

या कामाचा निम्मा भाग आपल्या स्वयंपाकघरासारखाच आहे. गिऱ्हाईक संध्याकाळी येतं, पण तयारी दुपारी सुरू होते. लिंबं चिरायची, पुदिना निवडायचा, साखरेचा पाक करायचा, बर्फ भरायचा. ग्लास पुसून उजेडात धरून बघायचे, डाग राहता कामा नये. मग साठा मोजायचा, म्हणजे काल किती बाटल्या होत्या, आज किती उरल्या.

इथे हिशोब पक्का लागतो. मोठी बाटली ७५० मिलीची. लहान पेग ३० मिलीचा. म्हणजे एका बाटलीत २५ पेग. हात सैल पडला आणि दर पेगला ३ मिली जास्त गेलं, तर बाटलीमागे दोनेक पेग कमी भरतात. रात्री मालक विचारतो, कुठे गेले? म्हणून धातूच्या छोट्या मापाने मोजूनच ओतायचं. गटाची वही नीट ठेवणाऱ्या बाईला हे काम शिकवावं लागणार नाही.

दुसरा भाग माणसं ओळखण्याचा. कोणाला पुरे झालं आहे, कोणाला आता पाणी द्यायचं, कोणाला नाही म्हणायचं आणि ते भांडण न होता कसं म्हणायचं, हे सगळं तिलाच बघायचं असतं. वयाचीही जबाबदारी असते. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, बिअर आणि वाइनसाठी २१. कोवळा चेहरा दिसला की ओळखपत्र मागायचं.

त्रासही सांगायला हवा. आठ-नऊ तास उभं राहावं लागतं. पाय सुजतात, कंबर धरते. जेवणाची वेळ चुकते. सणावाराला, शनिवार-रविवारी घरच्यांना सुट्टी असते, तेव्हा हिच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी. आणि शेवटचं गिऱ्हाईक उठल्यावर काउंटर धुऊन निघेपर्यंत मध्यरात्र होते.

बायकांना हे काम करता येतं का?

येतं. पण ते सहज मिळालेलं नाही. पंजाबचा १९१४ सालचा एक अबकारी कायदा दिल्लीतही लागू होता. जिथे लोक दारू पितात अशा जागी कोणत्याही बाईला, आणि २५ वर्षांखालच्या पुरुषाला, नोकरीवर ठेवायला त्यात मनाई होती. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या मुलींची वाट त्यामुळे बंद होत होती. ६ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई रद्द ठरवली. न्यायालयाच्या म्हणण्याचा सार असा, की बाईला धोका आहे म्हणून तिची नोकरी काढून घेणं हा उपाय नव्हे. धोका दूर करणं हे सरकारचं आणि मालकाचं काम आहे.

आपल्या मुंबईत तर त्याच्या कितीतरी आधी एक बाई काउंटरमागे उभी राहिली होती. शतभी बसू यांनी १९८१ च्या सुमाराला हे काम सुरू केलं. पुढे त्यांनी हे काम शिकवणारी संस्था काढली. देशातली पहिली महिला बारटेंडर म्हणून २०१८ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला.

शिकायचं कुठे?

मुंबईत दादरला हॉटेल मॅनेजमेंटची सरकारी संस्था आहे. ती १९५४ साली सुरू झाली, तीही बायकांच्याच पुढाकाराने. लीलावती मुन्शी आणि त्यांच्या महिला अन्न परिषदेने तिचा पाया घातला. तीन वर्षांच्या पदवीला बारावी आणि प्रवेश परीक्षा लागते. एवढं शिकणं शक्य नसेल तर आयटीआयमध्ये दहावीनंतर खाद्य-पेय सेवेचा एक वर्षाचा कोर्स असतो. फक्त बारटेंडिंग शिकवणारे खासगी वर्गही आहेत, पण त्यांची फी जास्त असते. फी भरण्याआधी तिथून शिकून गेलेल्या दोन मुलींशी बोला. "शंभर टक्के नोकरी" अशा पाटीवर जाऊ नका.

सुरुवातीला मदतनीस म्हणून घेतात. बर्फ आणणं, ग्लास धुणं, साठा लावणं. मग बारटेंडर, मग मुख्य बारटेंडर, पुढे बार मॅनेजर. थोडं इंग्रजी, चांगलं हिंदी आणि तोंडी हिशोब आला की पायरी लवकर चढता येते.

हो म्हणण्याआधी विचारायच्या गोष्टी

त्या ताईसाठी आम्ही बैठकीतच वहीवर यादी केली. तुम्हीही लिहून घ्या.

एक. नेमणुकीचं पत्र लेखी आहे का? कामाचं नाव, वेळ, सुट्टी आणि पगार त्यात लिहिलेलं असावं.

दोन. पगार हातात किती आणि कागदावर किती? दहा किंवा जास्त कामगार असतील तर राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. तो महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला असतो. समजा पगार १५,००० आहे, तर मुलीच्या पगारातून साधारण ११३ रुपये कापले जातात आणि मालक स्वतःचे ४८८ रुपये भरतो. त्यातून दवाखाना मिळतो, बाळंतपणाच्या रजेचे पैसे मिळतात. टिप हा पगार नव्हे. "टिप भरपूर मिळते" असं सांगून पगार कमी ठेवत असतील, तर सावध राहा.

तीन. ग्लास फुटला, बाटलीचा हिशोब चुकला, तर काय? कामगाराचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय पगारातून नुकसान कापता येत नाही.

चार. रात्री घरी कोण सोडणार? आपल्या राज्यात दुकानं आणि हॉटेलांसाठी २०१७ सालचा कायदा आहे. त्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षेची व्यवस्था लागते आणि घराच्या दारापर्यंत गाडीची सोयही लागते. दारापर्यंत म्हणजे अंजूर फाट्यापर्यंत नव्हे किंवा कल्याण नाक्यापर्यंत नव्हे. भिवंडी रोड स्टेशनला रात्री किती गाड्या थांबतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. अगदी लहान हॉटेलांना हा कायदा पूर्ण लागू होत नाही, म्हणून तिथे किती माणसं कामाला आहेत हेही विचारा.

पाच. तक्रार समिती आहे का? दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असा २०१३ चा कायदा आहे. लहान ठिकाणी काम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. गिऱ्हाइकाने त्रास दिला तरी मालकाला हात झटकता येत नाहीत. मालकाने दिलेली गाडीही या कायद्यात कामाचीच जागा धरली जाते.

सहा. कोणी आधार कार्ड, दाखले किंवा पासपोर्ट ठेवून घेतंय का? उचल देतंय का? उचल घेतली की पाय अडकतो. कागद ठेवून घेणाऱ्याकडे नोकरीच करायची नाही. परदेशी नेतो म्हणणारा एजंट सरकारकडे नोंदणी असलेला आहे का, हे तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

अडचण आली तर ११२ हा तातडीचा नंबर आहे आणि १८१ महिलांचा. वकील हवा असेल तर बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी १५१०० वर फोन करायचा.

ज्यांना दारू नकोच, त्यांच्यासाठी

एखादीचं मन दारूला हात लावायला तयार होत नसेल, तर तेही बरोबरच आहे. तिने तसं सांगावं, कोणी हसू नये. हेच हुन्नर बिनदारूच्या पेयांनाही लागतं. कॉफीचं दुकान आहे, सरबताचं काउंटर आहे. लग्नात पाहुण्यांना दारातच पेय द्यायची पद्धत आता गावोगावी पोचली आहे. कोकम, कैरीचं पन्हं, सोलकढी, आलं-लिंबू आपल्याला येतंच. ते एकसारख्या मापात, स्वच्छ ग्लासात, चारशे माणसांना वेळेवर देता आलं पाहिजे. गटाने हे काम घ्यायचं तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. छोट्या व्यवसायाला तिची फी वर्षाला १०० रुपये आहे. दारूचा परवाना लागत नाही आणि रात्री बाराच्या आत घरी येता येतं.

मग त्या ताईचं काय झालं?

यादी घेऊन मायलेकी दोघी दिवसाउजेडी ठाण्याला गेल्या. काउंटर बघितलं, बायकांची कपडे बदलायची खोली बघितली. तिथे आधीपासून काम करणाऱ्या मुलीशी बाजूला जाऊन बोलल्या. पत्र मिळालं, समितीच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली होती. गाडीचं मात्र "बघू" असं उत्तर आलं. मुलगी स्वतःच म्हणाली, "आई, गाडी लिहून देत नाहीत तोवर मी रात्रपाळी घेणार नाही." तिने दुपारची पाळी मागितली. पैसे थोडे कमी मिळतात, पण संध्याकाळच्या बसने ती घरी येते.

परवाच्या बैठकीत त्या काकूंनी तिला विचारलं, "काय गं, आमची आडवी बाटली आणि तुझी उभी, कसं जमायचं?"

ती म्हणाली, "काकू, गावात मतदान झालं तर मी आडवीलाच मत देणार. आपल्याकडे पिऊन येणारा माणूस घरचा पगार उडवतो, ते मी लहानपणापासून बघितलंय. तिथे मी माप मोजून देते आणि पुरे झालं की नाही म्हणते. मला नाही म्हणायचा पगार मिळतो."

काकूंना ते पूर्ण पटलं असं नाही. पण पुढच्या महिन्यात गटातल्या एका लग्नाच्या सरबताचं काम ठरलं, तेव्हा माप शिकवायला त्यांनी तिलाच बोलावलं.

तुमच्या गटात असा प्रश्न आला तर घाईने हो म्हणू नका आणि घाईने नाहीही म्हणू नका. मुलीला सोबत बसवा, ही यादी वाचा आणि जागा डोळ्यांनी बघून या. पुन्हा भेटू. नमस्कार.