पल्ला आणि काटकसर : विजेच्या मोटारींविषयीचा एक गैरसमज

बारामतीच्या बाजारपेठेत काय किंवा इंदापूरच्या कचेरीसमोर काय, विजेच्या मोटारींचा विषय निघाला की एक विधान इतक्या ठामपणे केले जाते की त्याचा प्रतिवाद करण्याचे कोणाला सुचतही नाही : जिची रेंज जास्त, ती गाडी वीज कमी खाते. हे विधान चुकीचे आहे. आणि साखर उताऱ्याचा हिशेब दशांशापर्यंत करणाऱ्या या मुलखातील जाणत्या मंडळींनी लाखो रुपयांच्या खरेदीच्या वेळी मात्र एका साध्या भागाकाराचा कंटाळा करावा, याचा मनापासून खेद होतो. रेंज, म्हणजे एका चार्जिंगचा पल्ला, हा बॅटरीची क्षमता आणि गाडीची काटकसर यांचा गुणाकार असतो. शेततळे मोठे आहे, एवढ्यावरून त्या शेतात पाणी जपून वापरले जाते, असा निष्कर्ष कोणी शेतकरी काढणार नाही.

उदाहरणादाखल दोन परिचित गाड्या घेऊ. 2023 मध्ये नव्या रूपात आलेल्या टाटांच्या नेक्सॉन ईव्हीची मोठी बॅटरी तेव्हा 40.5 युनिटांची होती आणि जाहीर पल्ला 465 किलोमीटरचा. महिंद्रांच्या एक्सयूव्ही 400 ची मोठी बॅटरी 39.4 युनिटांची आणि जाहीर पल्ला 456 किलोमीटरचा. भागाकार केला तर पहिली एका युनिटात 11.48 किलोमीटर जाते, दुसरी 11.57. म्हणजे जिचा पल्ला नऊ किलोमीटरांनी कमी, तीच कागदावर अधिक काटकसरी ठरते, आणि तीही इतक्या अल्प फरकाने की त्यावरून निवड करणे सर्वथा अनुचित होय.

‘मग कंपन्यांचे आकडे खोटेच’ असे म्हणणारा दुसरा पक्षही सत्याला धरून बोलत नाही. हे आकडे एआयएस 040 या मानकानुसार, प्रयोगशाळेतील रुळांवर चाके फिरवून, ए.सी. बंद ठेवून मिळवलेले असतात. या चाचणीच्या शहरी भागात वेग ताशी 50 च्या वर जात नाही व सरासरी वेग 19 च्या आसपास राहतो. दुसऱ्या भागातही कमाल मर्यादा 90 चीच आहे. पूर्वी केवळ पहिल्या भागाचा पल्ला जाहीर होत असे. 2024 मध्ये दोन्ही भागांचा एकत्रित पल्ला सांगण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा त्याच नेक्सॉनचे 465 किलोमीटर 390 झाले, गाडीचा एक खिळाही न बदलता. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रांच्या बीई 6 या गाडीचा, 79 युनिटांच्या बॅटरीवर, भारतीय चाचणीतील पल्ला 682 किलोमीटर जाहीर झाला आणि युरोपीय चाचणीतील 550. सबब, दोन गाड्यांची तुलना करताना आकडे एकाच चाचणीचे आहेत ना, हे आधी विचारले पाहिजे.

रस्त्यावर खरी सत्ता चालते ती वेगाची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी 60 वरून 100 वर गेले की तो पावणेतीन पटींहून अधिक होतो. गळिताच्या हंगामात भवानीनगर ते लासुर्णे या टापूत उसाच्या ट्रॉल्यांमागून रेंगाळत जाताना चालकासमोरच्या पडद्यावर दर किलोमीटरचा खर्च 120 वॅट-तासांच्या खाली उतरलेला दिसतो. तीच गाडी भिगवणच्या पुढे सोलापूर महामार्गावर ए.सी. लावून शंभराने धावू लागली की तो दीडशेच्या पुढे जातो. पेट्रोलच्या गाडीच्या सवयीने ‘हायवेला अ‍ॅव्हरेज चांगला मिळेल’ असे धरून चालणाऱ्याची फसगत होते ती याच ठिकाणी.

चार्जिंगच्या जाहिरातीही नीट वाचाव्या लागतात. 50 किलोवॅटच्या जलद चार्जरवर या नेक्सॉनसाठी 56 मिनिटे सांगितली गेली ती 10 ते 80 टक्क्यांसाठी. एक्सयूव्ही 400 साठी सांगितलेली 50 मिनिटे 0 ते 80 टक्क्यांसाठी आहेत. युनिटांत मांडले तर पहिली 56 मिनिटांत सुमारे 28 युनिटे घेते, दुसरी 50 मिनिटांत सुमारे साडेएकतीस. नुसत्या मिनिटांची वजावट केल्यास ही तफावत आहे त्याहून बरीच लहान भासते. चार्जर कितीही मोठा असला तरी गाडी आपल्या मर्यादेपलीकडे वीज घेत नाही, आणि 80 टक्क्यांनंतरची गती मंदावते ती बॅटरीच्या रक्षणार्थ, चार्जरच्या दोषाने नव्हे.

पावसात चार्जिंग केल्यास शॉक बसतो, हा समज निराधार आहे, कारण जोडणी पक्की बसून तपासणी झाल्याखेरीज वीजप्रवाह सुरूच होत नाही. बॅटरी दोन-तीन वर्षांत निकामी होते म्हणावे, तर या दोन्ही गाड्यांच्या बॅटरीला 8 वर्षे किंवा 1.6 लाख किलोमीटरांची हमी देण्यात आली होती. बॅटरी 40 युनिटांची म्हणून महावितरणच्या मीटरवरही 40 च युनिटे पडतील, हेही खरे नव्हे. घरच्या चार्जिंगमध्ये सुमारे दहावा हिस्सा वाटेतच खर्ची पडतो.

आता प्रत्यक्ष हिशेब. बारामतीकराला पुण्याची सुमारे 200 किलोमीटरांची ये-जा यांपैकी कोणत्याही गाडीत घरच्या चार्जिंगवर साधते. इंदापूरकराची ये-जा सुमारे 270 किलोमीटरांची. महामार्गाच्या वेगाने किलोमीटरला 155 वॅट-तास धरले तर 42 युनिटे, वर 6 युनिटे राखीव, एकूण 48. बॅटरी 40 ची. उरलेली 8 युनिटे पुण्यात किंवा वाटेत जलद चार्जरवर साधारण पाव तासात भरून होतात.