डब्यातील आटीव दूध व त्याचा घरगुती पर्याय

बंगळूरच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड हे १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतवसाहत म्हणून वसले. आज संगणक-उद्योगाच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबेही तेथे राहतात. सणासाठी बर्फी करावयाची आणि आटीव दुधाचा डबा घरात नाही, अशा वेळी पिशवीतील दूधच साखर घालून आटविले जाते. दिसावयास ते डब्यातल्यासारखेच होते. मात्र उरलेले दूध बरणीत भरून फडताळात ठेवले, तर थोड्याच दिवसांत आंबते. बंद डब्यातील दूध महिनोन्महिने टिकते. मग हेच का टिकू नये?

दूध आटविणे आपल्या स्वयंपाकघरास नवे नाही. बासुंदी ती हीच. परंतु बासुंदीत साखर गोडीपुरती असते, तर डब्यात ती रक्षणासाठी असते. साखरेचा दाट पाक सूक्ष्मजंतूंच्या पेशींतील पाणी बाहेर ओढून घेतो आणि त्यांची वाढ खुंटते. यासाठी साखर व पाणी यांच्या एकत्रित वजनात साखर सुमारे ६२.५ टक्के असावी लागते.

आता घरचा हिशेब पाहू. ३ टक्के स्निग्धांशाच्या एक लिटर टोन्ड दुधाचे वजन सुमारे १०३० ग्रॅम भरते. त्यातील घनपदार्थ अवघे ११८ ग्रॅम. बाकी सारे पाणी. त्यात १०० ग्रॅम साखर घालून ते ५०० ग्रॅमपर्यंत आटविले, तर पाणी २८२ ग्रॅम उरते आणि पाकातील साखर केवळ २६ टक्के होते. अशा पाकात जंतू सुखाने वाढतात. तेच साखर १७० ग्रॅम घेऊन एकूण वजन ३९० ग्रॅमवर आणले, की पाणी १०० ग्रॅमच्या आसपास राहते आणि प्रमाण जुळते. म्हणून येथे डोळ्यांवर विसंबू नये. रिकामे पातेले आधी तोलून ठेवावे.

अमेरिकेत गेल बॉर्डन याने १८५६ साली निर्वात पात्रात दूध आटविण्याचे एकस्व मिळविले. हवेचा दाब कमी केला की दूध ५५–६० अंश सेल्सियसलाच उकळते, त्यामुळे ते करपत नाही. घरच्या पातेल्यात ही सोय नाही. तेव्हा जाड बुडाचे भांडे व मंद आच हवी, आणि साखर दूध निम्मे आटल्यावर घालावी. थोडा पिवळसर रंग येणारच. तो दोष मानण्याचे कारण नाही.

इंधन व वेळ वाचवावयाचा असल्यास १०० ग्रॅम गरम पाण्यात १७० ग्रॅम साखर विरघळवून तीत १२० ग्रॅम सायीसकट दुधाची भुकटी थोडीथोडी घोटावी. वजन पुन्हा ३९० ग्रॅमच भरते.

दोन्ही प्रकारांत दुग्धशर्करा इतक्या थोड्या पाण्यात पूर्ण विरघळून राहत नाही. मिश्रण सावकाश निवाले तर तिचे मोठे स्फटिक बनून जिभेला रवाळ लागतात. भांडे थंड पाण्यात ठेवून सतत ढवळल्यास स्फटिक बारीक राहतात व जाणवत नाहीत.

प्रमाण नेमके साधले, तरी घरची बरणी कारखान्यातील डब्याप्रमाणे निर्जंतुक व हवाबंद नसते. पृष्ठभागावर बुरशी धरू शकते. ती शीतकपाटातच ठेवावी आणि आठवड्याच्या आत संपवावी. हे दूध, डब्यातले असो वा घरचे, तान्ह्या मुलास पाजण्यासाठी नव्हे. त्यात साखर फार, आणि पाणी घालून पातळ केले की दुधातील पोषक अंश अपुरा पडतो. शिवाय पाकाचे रक्षणही त्याच क्षणी संपते.