शून्यातून दृश्यवाहिनी

कर्जत किंवा शेजारच्या खालापूर तालुक्यातील एखाद्या तरुणाने यूट्यूबवर नवी वाहिनी काढली, तर तिला बळ कोठून मिळते, हे जाणणे अगत्याचे आहे. चित्रफीत कितींनी उघडली एवढ्यावरच न विसंबता ती किती वेळ पाहिली गेली, यास २०१२ पासून यूट्यूबची शिफारसयंत्रणा महत्त्व देते. म्हणून शीर्षकातील वचन आरंभीच पाळावे. एकाच विषयाचे बळही पाहावे: अहिल्यानगर जिल्ह्यातील सुमन धामणे यांची ‘आपली आजी’ ही वाहिनी घरगुती स्वयंपाक या एकाच विषयावर उभी राहिली. दीर्घ चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नात हिस्सा मिळण्यास १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण हा पात्रतेचा एक मार्ग आहे. हा पल्ला गाठण्यासाठी कर्जत परिसरातील कोथळीगड, कोंडाणे लेणी वा भातशेती यांपैकी एकच विषय निवडून तो निष्ठेने मांडावा.