अर्धा सेकंद हलू नका!

फर्स्ट इयरला सबमिशनला दांडी मारून आम्ही नऊ जण भंडारदऱ्याला गेलो होतो. भर दुपारी, टळटळीत उन्हात एका धबधब्यापुढे ग्रुप फोटो काढला. होस्टेलवर येऊन बघतो तर पाणी म्हणजे कोरा कागद, आणि धारेला खेटून उभे राहिलेले दोघे त्या पांढऱ्यात पार विरघळलेले! त्यातला एक नेमका त्याच वर्षी घरच्या अडचणीमुळे कॉलेज सोडून गेला. नऊ जणांचा तेवढाच एक फोटो होता. म्हणून फायनल इयरला सप्टेंबरअखेरीस पुन्हा जायचं ठरलं, तेव्हा मी आधी धबधब्याच्या फोटोचा अभ्यास केला. (एवढा मॅथ्सचा केला असता तर... असो.)

आधी रंगांचं बोलू. वॉलपेपरवरची लालभडक झाडं सह्याद्रीत शोधू नका. थंड प्रदेशात हिवाळ्याआधी पानातलं हरितद्रव्य मोडतं, खाली दडलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि काही झाडं लाल रंग नव्याने बनवतात. काश्मीरचा चिनार ऑक्टोबर-नोव्हेंबरात असा पेटतो. आपल्याकडची पानगळ कोरड्या दिवसांतली, आणि लाल रंग बघायचा तर कोशिंबाच्या कोवळ्या पालवीत, मार्चच्या सुमारास. सप्टेंबरअखेरीस आपला रंग सोनकीचा. उतारच्या उतार पिवळे होतात आणि मधून ओला काळा कातळ डोकावतो.

हाच कातळ कॅमेऱ्याला फसवतो. कॅमेऱ्याचा मीटर असं धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे. फ्रेममध्ये काळा दगड जास्त असला की त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो एक्स्पोजर वाढवतो. दगड करडा होतो आणि पाणी जळतं. जळलेल्या भागात माहितीच नसते, त्यामुळे मग फोटोशॉपमध्ये कितीही डोकं आपटा, काही हाती लागत नाही. उपाय सोपा आहे, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक. मोबाइलवाल्यांनी पाण्यावर बोट ठेवून उजेड खाली ओढायचा.

आता पाणी रेशमासारखं कसं दिसतं, त्याचा फंडा. पाच मीटरवरून पडणारं पाणी खाली पोचतं तेव्हा त्याचा वेग २ × ९.८ × ५ च्या वर्गमूळाइतका, म्हणजे सेकंदाला साधारण दहा मीटर. शटर १/१००० सेकंद उघडं ठेवलं तर थेंब एक सेंटिमीटर सरकतो, गोठल्यासारखा दिसतो. अर्धा सेकंद ठेवलं तर त्याच वेगाने पाच मीटर! म्हणजे जवळजवळ अख्खा धबधबा एकाच फोटोत ओघळतो.

पण उन्हात अर्धा सेकंद मिळत नाही. आयएसओ १०० आणि एफ २२ ठेवलं तरी १/५० सेकंदात फोटो पुरेसा उजळतो. दाट ढगाळ हवेत तेच १/६ वर येतं. त्यावर पोलरायझर लावला की तो दीडेक स्टॉप उजेड खातो आणि अर्धा सेकंद हातात पडतो. शिवाय ओल्या पानांवरची पांढरी चकाकी कापली जाते आणि हिरवा-पिवळा रंग खरा दिसतो. तो फिरवून बघायचा असतो, नुसता लावून भागत नाही. आयफोनवाल्यांनी लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्स्पोजर निवडायचं. ट्रायपॉड नसेल तर सॅक आणि गुंडाळलेला टॉवेल चालतो.

संगमनेर, अकोले, राजूर असा एसटीचा प्रवास. संगमनेरच्या स्टँडवर आमचा नववा गडी गाडीत चढला, आईनं दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन. त्याला घेऊन जायचंच असं आधी ठरलं होतं. वाटेत प्रवरेवरचा रंधा लागला, सुमारे १७० फुटांचा. तो मात्र कठड्यामागूनच पाहिला. वर विल्सन धरण आहे, पाणी सोडलं की प्रवाह वाढतो, तिथं दगडावर उतरून पोझ देणं हा मूर्खपणा. ग्रुप फोटोसाठी रतनवाडीच्या रस्त्यावरचा एक छोटा धबधबा निवडला. आभाळ भरलेलं होतं, अगदी हवं तसं.

टायमर लावून ओल्या दगडांवरून पळण्यापेक्षा गुरं घेऊन निघालेल्या एका काकांना विनंती केली. दोन सेकंदांचा टायमर लावलेला, म्हणजे बटण दाबताना बसलेला धक्का फोटोत येत नाही. काकांनी दम भरला, "हालू नका रं पोरांनो!" आणि बरोबर तेव्हाच नवव्याला हसू फुटलं. पाणी रेशमी, आठ चेहरे स्पष्ट, आणि ह्याला दोन डोकी!

माणसांना अर्धा सेकंद जमत नाही हे माझ्या अभ्यासात आलंच नव्हतं. मग एफ २२ वरून एफ ८ वर आलो. तीन स्टॉप उजेड वाढला, शटर १/१५ वर गेलं. तेवढ्यात पाणी साठ-सत्तर सेंटिमीटर सरकतंच, धारा ओढल्यासारख्या दिसतात, आणि हसणारा माणूसही बऱ्यापैकी टिकतो. वर एफ ८ ला फोटो एफ २२ पेक्षा जास्त धारदार येतो.

काकांनी पुन्हा बटण दाबलं, मग "बघू तरी" म्हणून स्क्रीनवर स्वतः पाहिलं आणि बोट ठेवून नऊ मोजले. परत आल्यावर नऊ प्रिंट काढल्या. त्याची संगमनेरला पोस्टानं पाठवली, बरोबर दोन डोकीवालीही.